पूर्णविराम कोण देतो?

मी इतिहासाचा एम. ए.; विज्ञानात माझी गती बेताचीच. विज्ञान-शिक्षक रजेवर असताना त्यांच्या तासाला वर्गावर गेलो, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, जीवाणूच्या पेशीत प्रथिनाची साखळी विणली जाते, ती थांबवतो कोण?" पुस्तकात पाहून मी सांगितले, "एक प्रथिनच थांबवते." उत्तर अर्धेच होते, हे मागाहून कळले.

संदेशवाहक आरएनएवरील यूएए, यूएजी आणि यूजीए हे तीन संकेत म्हणजे पूर्णविराम, हे १९६७ पर्यंत स्पष्ट झाले होते. साखळी मोकळी करणारा घटक प्रथिन आहे, हे त्याच वर्षी मारिओ कापेक्की यांनी दाखवले. साखळी विणणाऱ्या रायबोझोममध्येही आरएनए असतो; पण तो नुसता सांगाडा, अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत.

१९७४ साली ऑस्ट्रेलियात जॉन शाइन व लिन डालगार्नो यांनी ई. कोलाय जीवाणूच्या १६-एस आरएनएचे टोक वाचले आणि दोन तर्क मांडले. हे टोक साखळीची सुरुवात ओळखते, हा पहिला; पूर्णविरामही तेच ओळखते, हा दुसरा. पहिल्याने त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत नेली. दुसरा टिकला नाही.

प्रश्न मात्र टिकला. १९८८ मध्ये मर्गोला, डालबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, १६-एसच्या सुमारे दीड हजार अक्षरांतले १०५४ क्रमांकाचे एकच अक्षर गळाले, तर रायबोझोम यूजीएवर न थांबता पुढे जाऊ शकतो. पुढे २३-एस आरएनएतील २६०२ क्रमांकाचे अक्षर बदलले, तेव्हा साखळी सुटणेच मंदावले. २००८ मध्ये नोलर व रामकृष्णन यांच्या गटांनी रचनाच उलगडली: प्रथिन-घटक संकेत वाचतो तो १६-एसच्या कुशीत बसून, आणि साखळी सुटते ती २३-एसच्या गाभ्यात. सांगाडा म्हटलेला आरएनए कामकरी निघाला. यांपैकी वेंकटरामन रामकृष्णन हे आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे १९७१ चे पदवीधर. रायबोझोमच्या रचनेवरील कामासाठी २००९ च्या नोबेलचे एक मानकरी.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी आधी माझे उत्तर दुरुस्त केले. मग शाइन-डालगार्नोंचे दोन्ही तर्क फळ्यावर लिहिले, फसलेलासुद्धा. इतकी वर्षे मी मुलांना जिंकलेल्या लढायाच शिकवत आलो. पण तो दुसरा तर्क उत्तर म्हणून चुकला असला, तरी त्याने बोट दाखवले होते ते आरएनएकडेच.