‘स्ट्राइक’ या शब्दाची कुळकथा

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. कारखान्याच्या फाटकावरील सभांतून आम्ही वर्षानुवर्षे कामगारांना सांगत आलो की, ‘स्ट्राइक’ म्हणजे प्रहार, मालकाच्या नफ्यावर घातलेला घाव! टाळ्याही पडत. पुढे रात्री कोशांची पाने चाळण्याचा नाद लागला, तेव्हा आमचे अज्ञान आम्हांला कळले. हा शब्द घावाचा नव्हेच. तो शिडाचा आहे.

इंग्रज खलाशाच्या बोलीत ‘स्ट्राइक’ म्हणजे खाली उतरवणे. शीड, शिडाची आडवी काठी, निशाण, जे जे वर चढवलेले ते ते खाली घेण्याला हा एकच शब्द. लढाईत हार पत्करली की निशाण उतरवायचे, तेही ‘स्ट्राइक’च. इंग्लंडचा तर असा हट्ट असे की, आपल्या लगतच्या समुद्रात परक्या जहाजांनी इंग्रजी आरमारापुढे निशाण किंवा वरचे शीड उतरवून मुजरा करावा. १६५२ च्या मे महिन्यात डोव्हरजवळ डच सेनापती ट्रॉम्प याने हा मुजरा वेळेवर केला नाही. इंग्रज सेनापती ब्लेक याच्या जहाजावरून तोफा सुटल्या आणि दोन राष्ट्रांत युद्ध पेटले. सारांश, शीड उतरवणे ही ताबेदारीची खूण होती, आणि जहाजावर ते वरिष्ठाच्या हुकमावाचून उतरत नसे.

ते हुकमावाचून उतरले १७६८ साली. इंग्लंडात तेव्हा भाकरी महाग झाली होती. उत्तरेकडील संडरलंड हे कोळशाचे बंदर. लंडनच्या चुलींना लागणारा पुष्कळ कोळसा येथून समुद्रमार्गे जाई. तेथील खलाशी एकत्र जमले, भर चौकात त्यांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा कागद वाचून दाखवला, आणि मग बंदरातल्या एकेका जहाजावर चढून शिडांच्या काठ्या खाली घेतल्या. काठ्या उतरलेले जहाज म्हणजे बैल सोडलेली गाडी! त्या पुन्हा चढवायच्या तर हात त्याच खलाशांचे हवेत. दोर तोच, काम तेच. फक्त हुकूम कोणाचा, एवढेच बदलले होते. लंडनला थेम्स नदीवरही त्या मे महिन्यात पगारवाढीसाठी खलाशांनी जहाजे अडवून धरली.

आणि आता खरी गंमत. त्या वर्षाच्या घडामोडी नोंदवणाऱ्या इंग्रजी वार्षिकातच अशीही नोंद आहे की, टोप्या बनवणाऱ्या कारागिरांनी ‘स्ट्राइक’ केले आणि मजुरी वाढेपर्यंत कामाला नकार दिला. टोपीवाल्याला कुठले शीड आणि कुठली डोलकाठी? पण शब्द जहाजावरून उतरून त्याच्या कारखान्यात आला होता. काही पंडित त्याचा संबंध हत्यारे खाली ठेवण्याशीही लावतात. तसे धरले तरी अर्थ खाली ठेवण्याचाच राहतो, मारण्याचा नाही.

याच वर्षातील एक कटू गोष्ट मात्र आम्ही झाकून ठेवणार नाही. लंडनच्या कोळसा उतरवणाऱ्या हमालांनी काम बंद केले, तेव्हा त्यांच्या जागी कोळसा उतरवायला उभे राहिले ते कोळशाच्या जहाजांवरचे खलाशीच. ज्यांच्या बोलीतून हा शब्द निघाला, तेच त्या वर्षी बदली झाले! त्या भांडणात एक खलाशी मारला गेला, आणि जुलैत हमालांना फाशी दिले गेले.

आपल्या भाषेतल्या शब्दाची घडण निराळी. गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे एकोपा. हरताळ म्हणजे हाटाला ताळा, तो दुकानदाराचा शब्द. फ्रेंच मजूर तर नदीकाठच्या ज्या वाळवंटी चौकात कामाची वाट पाहत उभे राहत, त्या ‘ग्रेव्ह’ चौकाचेच नाव त्यांच्या संपाला मिळाले. आम्हांला विचाराल तर यांत ‘संप’ हाच शब्द सरस; त्यात काम थांबण्याआधी माणसे एक होतात.

परंतु ‘स्ट्राइक’ पुन्हा समुद्रावर गेला तो आपल्या मुंबईतून. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी आरमाराच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरील ठाण्यातल्या नाविकांनी निकृष्ट अन्न आणि वरिष्ठांच्या शिव्या यांना कंटाळून काम बंद केले. बघता बघता बंदरातली जहाजे त्यांना मिळाली. त्यांनी ब्रिटिश निशाण उतरवले आणि काँग्रेस, लीग व कम्युनिस्ट यांची निशाणे एकत्र चढवली. जुन्या दर्यावर्दी अर्थानेही ते ‘स्ट्राइक’च होते, फरक एवढाच की, या वेळी उतरले ते मुजरा घेणाऱ्याचे निशाण. २२ तारखेला गिरणीकामगार रस्त्यावर आले. गोळीबारात मुंबईची दोनशेवर माणसे मेली.

सरकारने याला बंड म्हटले, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही बहुधा तेच नाव आहे. नाविकांनी आपल्या समितीला नाव दिले होते ते ‘नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी’. वल्लभभाई पटेलांचा सल्ला मानून २३ तारखेला त्यांनी शरणागतीची काळी निशाणे चढवली. अखेरच्या निवेदनात शरण जाण्याची भाषा आली, तरी आपल्या कृतीचे नाव त्यांनी बदलले नाही. तेथेही शब्द ‘स्ट्राइक’ हाच आहे.