मोडीच्या सोन्याचा सागरप्रवास

जुना, तुटका अथवा झिजलेला डाग सोनाराच्या मुशीत जाण्यासाठी येतो, तेव्हा त्यास आपण ‘मोड’ म्हणतो. आपल्या सोनार ज्ञातीत मोडीचा कण वाया जाऊ देण्याची रीत नाही. दुकानातील केरसुद्धा झारेकरी धुऊन त्यातील सोने वेगळे करीत. अशी ही जपलेली मोड एका काळी लोटालोटाने समुद्रापार गेली. तो इतिहास तरुण पिढीस फारसा ठाऊक नसल्यामुळे येथे थोडक्यात नमूद करीत आहोत.

१९२९ नंतर जगभर मंदी पसरली. धान्याचे व कापसाचे भाव कोसळले. शेतसारा व सावकाराचे व्याज मात्र रोख भरावे लागे. अशातच २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले. रुपया १ शिलिंग ६ पेन्स या दराने स्टर्लिंगशी जखडलेला असल्यामुळे पौंडाबरोबर तोही घसरला व सोने महागले. १९२७ च्या चलनविषयक कायद्याने शुद्ध सोन्याचा दर तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै असा धरला होता. बाजारभाव आता त्याच्या पुष्कळ वर गेला. शतकानुशतके सोने आणणारा आपला देश एकाएकी सोने पाठवू लागला.

हा ओघ खेड्यांतून निघे. अडलेला शेतकरी घरातील डाग विकी, सराफ कस पाहून तो घेई, आटणी होऊन लगडी बनत आणि मुंबई बंदरातून बोटीने लंडनकडे रवाना होत. निर्यातीवर निर्बंध घालावा, ही देशी व्यापाऱ्यांची व पुढाऱ्यांची मागणी सरकारने मानली नाही. त्या सोन्याने स्टर्लिंगला आधार मिळाला. विकणाऱ्यास चार रुपये अधिक आले हे खरे. परंतु ते सारा व व्याज यांत गेले आणि अडीअडचणीची पुंजी संपली.

धातू पुन्हा विकत मिळतो. आज देशाची सोन्याची गरज बहुतांशी परदेशी सोन्यावरच भागते. मोड गाळण्याचे कामही येथे उत्तम होते; सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडीकडील गलाई बांधवांनी तो धंदा देशभर नेला आहे. परंतु मोडीच्या हिशेबात वजन आणि कस एवढेच येते. घडणावळ शून्य धरली जाते. त्या लगडींत विरलेल्या ठुशा, वज्रटिका व गोठ यांचे घाट कोणतीही मूस परत देणार नाही.

यास्तव ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे. पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास असो वा अन्यत्र, जुना डाग आटविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. वजन, घाटाचे नाव आणि ठाऊक असल्यास घडविणाऱ्याचे नाव वहीत टिपून ठेवावे. सोने जगाचे आहे. घडण मात्र आपल्या वाडवडिलांची आहे, आणि ती जतन करणे आपल्याच हाती आहे.