रविवर्म्यांचा छापखाना आणि आपलें देवघर

आमच्या पंढरपुरांत वारकरी घरीं परततांना तुळशीच्या माळेबरोबर विठ्ठल-रखुमाईची तसबीरही घेऊन जातो. माझ्या आजीच्या देवघरांत कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीची तसबीर होती. तिची काच तडकली, तरी आजीनें ती भिंतीवरून उतरविली नाहीं. तें चित्र राजा रविवर्मा यांचें, हें मला पुष्कळ उशिरां समजलें.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. चौदाव्या वर्षीं ते त्रिवेंद्रमच्या राजवाड्यांत आले आणि तैलरंगांचें पाश्चात्त्य तंत्र त्यांनीं बव्हंशीं पाहून-पाहूनच आत्मसात केलें. १८७३ सालीं मद्रास व व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत त्यांचा गौरव झाला. पुढें १८८८ सालीं सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रें मागविलीं. पुराणांतील स्त्रियांस वेष कोणता द्यावा, हें ठरविण्यासाठीं बंधु राजराजवर्मा यांसह त्यांनीं देशभर प्रवास केला. त्यांच्या अनेक नायिका नऊवारी लुगड्यांत दिसतात, त्या यामुळेंच आपल्याला परक्या वाटत नाहींत.

परंतु राजवाड्यांतील चित्र सामान्य जनांच्या दृष्टीस कसें पडावें? चित्रांच्या प्रती छापून घ्याव्या, असें दिवाण सर टी. माधवराव यांनीं पूर्वींच सुचविलें होतें. १८९४ सालीं रविवर्म्यांनीं मुंबईंत स्वतःचा शिळाछापखाना काढला. प्रत्येक रंगास निराळा दगड लागे व तोच कागद पुनःपुन्हा छापावा लागे. पुढें १८९६ त प्लेग आला, कर्ज वाढलें, छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथें हलविला. आणि शेवटीं तो श्लायशर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. १९०५ त बंधु वारले, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजीं रविवर्म्यांनींही देह ठेविला.

त्यांच्या पश्चात् कलकत्त्याच्या टीकाकारांनीं ह्या चित्रांस नाटकी व उसनीं ठरविलें. त्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नव्हे. छापील देवांचे चेहरे सर्वत्र एकसारखे झाले आणि गांवोगांवच्या चितारी लोकांची निराळी धाटणी मागें पडली, हें नुकसान मान्य केलेंच पाहिजे.

तथापि दुसरी बाजूही पाहावी. आमच्या विठ्ठलाचें मंदिर अस्पृश्य गणलेल्या बांधवांस १९४७ सालीं, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर, खुलें झालें. तोंपर्यंत त्यांची वारी चोखोबांच्या समाधीपाशींच थांबत असे. छापील तसबिरीपुढें मात्र कोणी द्वारपाल उभा नव्हता. ज्याच्या गांठीं पैसे असतील, त्यानें ती न्यावी व आपल्या भिंतीवर लावावी. रविवर्म्यांनीं हें जाणूनबुजून साधलें असें मी म्हणणार नाहीं. त्यांना त्या व्यवसायांत तोटाच आला. परंतु त्यांच्या चित्रांचें मोल करतांना केवळ प्रदर्शनांतील पदकें मोजून भागणार नाहीं. आपल्या घरीं अशी एखादी जुनी तसबीर असल्यास ती अडगळींत टाकण्यापूर्वीं एकदां नीट पाहावी, इतकीच माझी विनंति आहे.