पित्तमार्गाचा कर्करोग आणि शस्त्रवैद्यांचीं मोजमापें

कर्करोग कोणत्या टप्प्यावर आहे हें ठरविणें म्हणजे केवळ त्यास नांव देणें नव्हे. शस्त्र चालवावें कीं नाहीं, हा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. यकृताच्या उजव्या व डाव्या भागांतून येणाऱ्या पित्तनलिका जेथें मिळतात, त्या संगमावरील कर्करोगाचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे.

१९६५ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड क्लॅट्स्किन यांनीं अशा तेरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गांठ लहान, वाढ मंद. परंतु पित्ताची वाट अडल्यामुळें कावीळ होई, आणि रोग दूर पसरण्यापूर्वींच यकृत निकामी होऊन किंवा जंतुसंसर्गानें रोगी दगावे.

१९७५ सालीं बिस्मथ व कॉर्लेट यांनीं, रोग नलिकेंत कोठवर चढला आहे यावरून त्याचे प्रकार पाडले. छेद कोठें घ्यावा हें त्यावरून कळे. पण शेजारच्या रक्तवाहिन्यांविषयीं तें वर्गीकरण मुकें होतें.

दुसरें माप त्याहून जुनें. फ्रेंच शस्त्रवैद्य पिएर दनुआ यांनीं १९४३ ते १९५२ या काळांत मूळ गांठ, लसिकाग्रंथि व दूरचा प्रसार या तीन गोष्टींवर सर्वच कर्करोगांसाठीं एक पद्धति रचली. रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज तिनें बरा येतो. मात्र ग्रंथींची खरी स्थिति कळते ती काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालीं गेल्यावर. रुग्णाला उत्तर हवें असतें त्याआधीं.

ही उणीव किती महाग पडते, हें २००१ सालीं न्यूयॉर्कच्या जार्नगिन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अहवालानें दिसलें. २२५ रुग्णांपैकीं १६० जणांवर रोग समूळ काढण्याच्या हेतूनें शस्त्रक्रिया आरंभिली गेली. गांठ काढतां आली ती अवघ्या ८० जणांची. म्हणून त्यांनीं नलिकेबरोबरच यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर आणि यकृताचा आकसलेला भाग यांचाही विचार केला. एक बाजू आकसली असेल आणि उरलेल्या बाजूच्या शिरेस रोगानें ग्रासलें असेल, तर कापून मागें ठेवावयाचें काय?

अमेरिकेंत २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तींत बाधित ग्रंथींची संख्याही मोजली जाते: एक ते तीन एक वर्ग, चार वा अधिक दुसरा.

तात्पर्य, कोठें कापावें, कापतां येईल काय, आणि कापल्यावर आशा किती, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एकाचें माप दुसऱ्यास लावलें, कीं त्याचा भुर्दंड रोग्याच्या देहास पडतो.