कापसाचे परागीभवन आणि पुण्याची कृषी परंपरा

कापसाच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्रच असतात. त्यामुळे बहुतेक फळधारणा स्वपरागानेच होते. पण मधमाश्यांचा वावर असेल तितका परकाही पराग येतो. एकाच शेतात जवळजवळ लावलेले वाण म्हणूनच दोन-चार पिढ्यांत भेसळतात. शुद्ध वाण राखायचा किंवा दोन वाणांचा संकर करायचा, तर आधी परागावर ताबा हवा.

मुंबई इलाख्यात या कामाची शास्त्रीय बाजू पुण्यात बांधली गेली. पुणे जिल्हा कापसाचा नव्हे. कापूस खानदेशात, गुजरातेत आणि धारवाडकडे पिके. पण शेतीखात्याचे वनस्पतितज्ज्ञ पुण्यात होते. जी. ए. गॅमी यांनी येथूनच भारतीय कापसाच्या जातींचे वर्गीकरण केले आणि 1907 मध्ये ‘द इंडियन कॉटन्स’ हा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुण्यात कृषी महाविद्यालय सुरू झाले. निवड आणि बियाण्याची प्रत्यक्ष कामे धुळे, जळगाव, सुरत व धारवाड येथील सरकारी शेतांवर चालत.

स्वपरागासाठी उपाय साधा होता. उद्या उमलणाऱ्या कळीचे टोक आदल्या दिवशी दोऱ्याने बांधायचे. पाकळ्या उघडत नाहीत, माशी आत शिरत नाही आणि फूल स्वतःच्याच परागाने बोंड धरते. संकराला मेहनत अधिक. दुपारनंतर टपोरी कळी निवडून अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांची टोपी परागकोशांसकट सोलून काढतात. स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नसतो. उघड्या कळीवर कागदी पिशवी चढते. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे ताजे फूल तिच्या कुक्षीवर फिरवतात आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधतात.

हाताची सफाई असली तरी प्रत्येक संकर फळत नाही. देशी कापसाची गुणसूत्रे 26, तर अमेरिकन कापसाची 52; त्यांची संतती सहसा वांझ निघते.

शेतकऱ्यासाठी संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचे काम सुरतेत साधले. सी. टी. पटेल यांनी गुजरात 67 आणि अमेरिकन नेक्टरीलेस यांच्या संकरातून काढलेला एच-4 हा वाण 1970 मध्ये आला. व्यापारी लागवडीचा हा जगातला पहिला संकरित कापूस. 1980 च्या दशकात नांदेडच्या संशोधन केंद्राने बीएन-1 आणि एसी-738 यांपासून एनएचएच-44 दिला आणि तो महाराष्ट्रात भराभर पसरला.

बीजोत्पादनाच्या शेतात नर आणि मादी वाण वेगळे लावतात. ‘क्रॉसिंग’च्या हंगामात मजूर, विशेषतः स्त्रिया, कळ्या सोलतात; एकही कळी सुटली तर तिचे बोंड स्वपरागाचे निघून बियाण्यात भेसळ होते. ही मजुरी वाचवण्यासाठी नरवंध्य वाण काढले गेले. त्यात पराग तयारच होत नाही, म्हणून कळी सोलावी लागत नाही. तरीही भारतातले बहुतांश संकरित कापूस बियाणे आजही नखाने कळी सोलूनच तयार होते.