खळ्यावरचा वाटा

१९९८च्या सुमारास मी माझ्या कविता एका दुकानात संगणकावर टंकून घेतल्या. दहा वर्षांनी फाइल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! तो जुना फाँट नव्या संगणकाला उमगत नव्हता. एका अनोळखी तरुणाने फावल्या वेळात लिहून सर्वांसाठी फुकट ठेवलेले सॉफ्टवेअर कामी आले आणि कविता युनिकोडमध्ये परतल्या. पुढे संगणक पुन्हा बदलला, तेव्हा ते सॉफ्टवेअर चालेना. ते सांभाळायला त्या तरुणाला सवड उरली नव्हती. मी मात्र त्याला कधी एक पैसाही दिला नव्हता.

फुकट मिळालेल्या वस्तूलाही डागडुजी लागते. तिचा खर्च वापरणाऱ्यांनी कसा उचलावा? प्रश्न नवा वाटतो. पण आपल्या नगर जिल्ह्याच्या इतिहासात त्याची दोन उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर बलुत्याचे. सुतार-लोहार वर्षभर शेतकऱ्याची अवजारे दुरुस्त करत. दर खेपेला दाम मागत नसत; सुगीला खळ्यावर त्यांचा धान्याचा वाटा असे. आमचा मुलाणीही बलुतेदारांतच. नांगर मोडल्यावर पैशाची जमवाजमव करावी लागत नसे, हा त्यातला शहाणपणा. पण काम जातीने गळ्यात पडलेले, नाही म्हणायची सोय नव्हती. महारांच्या वाट्याला तर राबणूक आणि अपमानच अधिक. याच जिल्ह्यातल्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, ते उगाच नव्हे.

दुसरे उत्तर लोणीचे. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून ऊस उत्पादकांकडून भागभांडवल उभे केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी होते. सरकारी साहाय्य आणि कर्जही लागले. पण पहिला हात शेतकऱ्याने खिशात घातला. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. इथे देणे राजीखुशीचे होते, आणि भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच.

सॉफ्टवेअरच्या जगातही असे घडले आहे. त्रिमितीय चित्रे काढणारे ‘ब्लेंडर’ बनवणारी कंपनी २००२ साली बंद पडली. ते सर्वांसाठी खुले करायला गुंतवणूकदारांनी एक लाख युरो मागितले. टॉन रोझेंदाल या डच निर्मात्याने वापरणाऱ्यांना हाक दिली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. आज त्याच्या विकास निधीला माणसे आणि कंपन्या नेमाने वर्गणी देतात.

उलट उदाहरण ‘ओपनएसएसएल’चे. जगभरातले बँकांचे, दुकानांचे व्यवहार गुप्त ठेवणारे हे सॉफ्टवेअर मूठभर माणसे सांभाळत होती. वर्षाला देणगी मिळे जेमतेम दोन हजार डॉलर. २०१४ साली त्यात ‘हार्टब्लीड’ हे भगदाड सापडले, तेव्हा कुठे बड्या कंपन्यांनी थैली सैल केली. नांगर मोडल्यावर सुताराची आठवण झाली!

म्हणून वाटते, आपली वाचनालये, साहित्य मंडळे, छापखाने, शाळा यांनी आपण वापरतो त्या फुकट मराठी सॉफ्टवेअरसाठी दरवर्षी थोडी वर्गणी काढावी. जत्रेची काढतो तशीच. नव्या करामतींआधी त्यातला वाटा डागडुजीला ठेवावा. कोणती दुरुस्ती आधी हवी, हे सभासदांनी एकेका मताने सुचवावे, हिशेब सर्वांसमोर वाचावा. मात्र शंभर रुपये दिले म्हणून त्या तरुणावर हुकूम सोडू नये. तो आपला बलुतेदार नव्हे. त्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे.

माझ्या काही कविता अजून त्या जुन्या फाँटात अडकून आहेत. यंदा वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडा.