स्ट्रॉची पिपाणी आणि पुराव्याचा प्रश्न

बिद्रीतल्या कुठल्याही घरात होईल असा प्रयोग आहे. सरबताची स्ट्रॉ घ्या, एक टोक दाताने चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापा आणि ओठांत धरून जोरात फुंका. वाजायला लागली की दुसरं टोक कात्रीने थोडं थोडं कापत चला. आतला हवेचा स्तंभ आखूड होतो, तसा सूर चढतो.

अशा स्वस्त प्रयोगांचा इतिहास लिहायचाय? अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादला गेले. तिथे १९७२ पासून १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवलं जात होतं. पुढे पुण्यातच, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी अशी खेळणी मुलांच्या हाती दिली.

पण इथेच आपण फसतो. पुस्तकात प्रयोग छापलाय म्हणजे तो वर्गात झालाच, असं नाही. होशंगाबादची मुलं ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्रं लिहून प्रश्न विचारायची. मुलाला काय पडताळून बघावंसं वाटलं, ते अशा पत्रांतून कळतं, पाठ्यपुस्तकातून नाही.

म्हणून बिद्रीसारख्या गावावर काम करणार असाल, तर आधी मुलांच्या जुन्या प्रयोगवह्या शोधा. रद्दीवाल्याच्या आधी पोचा!